हक्कांचा धडा आणि हक्कदार मूल : शालेय नागरिकशास्त्राची पार्श्वभूमी

भारतातल्या शाळांमध्ये नागरिकशास्त्र आले ते हक्क शिकवण्यासाठी नव्हे. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत राहिलेले विल्यम ली-वॉर्नर यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पाठ्यपुस्तक १८९७ मध्ये निघाले. ब्रिटिश राजवटीने देशाला काय काय दिले आणि त्याबद्दल प्रजेने कशी निष्ठा बाळगावी, हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी ‘केसरी’तील मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे बंगालमधल्या १९०५ च्या कार्लाइल परिपत्रकाने आणि १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकीय चळवळींपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांवरच टाकली. विद्यार्थ्याने नागरिकत्वाचा पाठ वाचावा, पण नागरिक म्हणून बोलू नये, ही घडी त्या काळात बसली आणि स्वातंत्र्यानंतरही ती पूर्णपणे मोडली नाही.

राज्यघटना लागू झाल्यावर पाठ्यपुस्तकांत मूलभूत हक्कांचे प्रकरण आले आणि प्रश्नपत्रिकेत ‘हक्कांची यादी करा’ हा प्रश्नही आला. अनुच्छेद १९ मधील भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर ‘वाजवी निर्बंध’ आहेत, एवढे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले जाते. पण त्या निर्बंधांची आजची शब्दरचना कशी आली, हा अत्यंत शिकवण्याजोगा भाग बहुधा राहूनच जातो. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली, त्याचे संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले. त्यानंतर जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे कारण तेव्हा जोडले गेले आणि ‘वाजवी’ हा शब्दही तेव्हाच आला. निर्बंध वाढवणारी आणि त्या निर्बंधांना न्यायालयाच्या कसोटीला उतरायला लावणारी, अशी दोन्ही पावले एकाच दुरुस्तीत पडली, हे नववी-दहावीच्या मुलांना नक्कीच समजू शकते. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आणली आणि शाळांनी ती हक्कांपेक्षा अधिक आपलेपणाने स्वीकारली, कारण परिपाठ, शिस्त आणि ध्वजवंदन यांच्याशी त्यांचा मेळ सहज बसत होता.

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मात्र एका परिपाठातच घडले. केरळमध्ये कोट्टयम जिल्ह्यातील एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी इतरांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. ‘यहोवाचे साक्षीदार’ या त्यांच्या पंथाची श्रद्धा त्यांना प्रार्थनारूप गीत गाण्यास मनाई करत होती. जुलै १९८५ मध्ये विधानसभेत एका आमदाराने हा विषय काढला. चौकशी झाली, मुले कायद्याचे पालन करणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही, असा अहवालही आला. तरीही शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने तिघांनाही शाळेतून काढले. शासनाचा आदेश येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्यावे, ही वडिलांची विनंती मान्य झाली नाही आणि उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही.

११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिनप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, आदराने उभे राहणे हा अवमान नव्हे आणि अभिव्यक्तीवर निर्बंध घालायचा तर तो कायद्यानेच घालता येतो, खात्याच्या परिपत्रकाने नव्हे, असे त्या निकालाने स्पष्ट केले. म्हणजे गप्प राहण्याचा हक्कही अनुच्छेद १९ मध्ये आहे आणि तो पाचवीतल्या मुलीलाही आहे. राज्यघटना शिकवण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण मला माहीत नाही. सर्व माध्यमांच्या पुस्तकांत ते सविस्तर असायला हवे.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ नंतर एनसीईआरटीने वेगळी वाट धरली. राज्यशास्त्राच्या नव्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. प्रसंग, वाद आणि व्यंगचित्रे यांतून मुलांना प्रश्न विचारायला लावणे ही त्या पुस्तकांची पद्धत होती. मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. त्यात गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू होते. चाबकाच्या त्या प्रतिमेने दलित वाचकाला काय आठवते, हा आक्षेप खरा होता आणि पुस्तक करताना त्याचा अधिक विचार व्हायला हवा होता. पण त्यावर वर्गात चर्चा होण्याआधीच चित्र काढण्याची घोषणा झाली, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची तोडफोड झाली. घटनेतल्या स्वातंत्र्याविषयी लिहिणाऱ्या शिक्षकावरच हल्ला व्हावा, याची खंत आजही वाटते.

महाराष्ट्रात मात्र आणखी एक प्रवाह होता आणि तो आंबेडकरी जाणिवेतून आला. नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये शाळांत उद्देशिकेच्या वाचनाचा उपक्रम सुरू केला. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील सर्व शाळांच्या परिपाठात उद्देशिका वाचण्याचे शासनाने ठरवले. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ हे शब्द त्यामुळे मुलांच्या रोजच्या ओठांवर आले, ही छोटी गोष्ट नाही. मात्र मुलाला भयमुक्त करून त्याला आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, ही अपेक्षा शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून नोंदवलेली आहे, याची आठवण शाळांच्या तपासणीत क्वचितच निघते.

केरळच्या त्या निकालाचा आधार कर्नाटकातील हिजाब प्रकरणातही घेतला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. न्या. सुधांशु धुलिया यांनी १९८६ च्या निकालाकडे बोट दाखवून विद्यार्थिनींच्या बाजूने कौल दिला, न्या. हेमंत गुप्ता यांनी शाळांतील बंदी कायम ठेवली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवण्यात आले.