लंडनच्या भिंतीत सापडलेला रोमन अधिकारी

एका रोमन कबरीच्या दगडावर नावाच्या सुरुवातीची फक्त दोन अक्षरं शिल्लक आहेत, 'आब', त्याच्या आधीचं नाव तुटलंय, तरी ही दोन अक्षरं बघून जाणकार सांगतात की इथे बहुतेक 'फाब' असणार. कसं काय? तर रोमन नागरिकाचं नाव लिहायची पद्धत ठरलेली होती, आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग तो कोणत्या 'ट्राइब'मध्ये (म्हणजे नागरिकांच्या मतदानाच्या गटात) नोंदवलाय ते तीनेक अक्षरांत, आणि शेवटी टोपणनाव. असे ट्राइब एकूण 35, आणि 'आब'वर संपणारं शॉर्टफॉर्म दोघांचंच, फाबिया ('फाब') आणि सबातिना ('साब'), त्यातलं फाबिया जाणकारांना जास्त पटतं. मला हे इतकं आवडतं ना!

हा दगड 1852 मध्ये टॉवर ऑफ लंडनजवळ जुन्या रोमन भिंतीत सापडला. नंतरच्या काळात भिंतीचा बुरूज बांधताना लोकांनी जुन्या कबरींचे दगडच भराव म्हणून वापरले होते. त्यावर 'अल्पिनी क्लासिकियानी' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. टॅसिटस या इतिहासकाराने ज्युलियस क्लासिकियानस नावाच्या अधिकाऱ्याबद्दल लिहिलंय, तोच हा का? काहींना पटलं, काहींना नाही, कारण हुद्दा कुठे दिसत नव्हता.

मग 1935 मध्ये तिथेच खोदकाम चालू असताना खालचा तुकडा निघाला. तब्बल 83 वर्षांनी! त्यावर लिहिलं होतं 'प्रोक प्रोविंक ब्रिता...', म्हणजे ब्रिटन प्रांताचा प्रोक्युरेटर, साध्या भाषेत सम्राटाच्या वतीने तिथला पैसाअडका आणि महसूल बघणारा माणूस. वाद तिथेच संपला.

टॅसिटस सांगतो ते असं, की इ.स. 60-61 मध्ये ब्रिटनमध्ये रोमन सत्तेविरुद्ध राणी बुडिकाचं बंड झालं, आधीचा प्रोक्युरेटर गॉलला (आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या भागात) पळून गेला आणि त्याच्या जागी हा आला. गव्हर्नर सुएटोनियस पॉलिनस बंडखोरांवर सूड उगवत सुटला होता, आणि याने थेट रोमला कळवलं की गव्हर्नर बदलल्याशिवाय लढाई थांबायची नाही. टॅसिटसच्या मते हे खाजगी भांडण. पण दगड वाचला की मला तसं वाटत नाही, कारण दगडावर बायकोची ओळख दिलीय, 'युलिया, इंडुसची मुलगी, पाकाता'. हा इंडुस ट्रेवेरी जमातीचा, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रियरकडचा, आणि इ.स. 21 मध्ये त्याच्याच जमातीतल्या लोकांनी बंड केलं तेव्हा तो रोमच्या बाजूने लढला. अल्पिनस हे नावसुद्धा त्याच भागात सापडतं. म्हणजे जावई आणि सासरे दोघंही बहुतेक गॉलचेच, बंड झालं की गावाचं काय होतं हे घरात ऐकलेली माणसं.

कबर लंडनमध्ये आहे आणि ब्रिटनचा हुद्दा बायकोच्या नावाच्या लगेच आधी, शेवटी येतो, त्यावरून तो ड्युटीवर असतानाच गेला असावा. त्याआधीच्या नोकऱ्या जिथे कोरल्या असतील तो मधला भाग मात्र नाहीच. आज हे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नवऱ्याच्या नावाची सुरुवात तुटलीय, पण ज्या बाईने ही कबर उभारली तिचं नाव स्वच्छ वाचता येतं, आणि पाकाता म्हणजे शांत झालेली, खाली 'उक्सोर', बायको.