कडकनाथचं अंडं काळं नसतं

कडकनाथची कातडी, मांस, हाडं काळी, म्हणून अंडंही काळंच, असं अजून सर्रास सांगितलं जातं आणि काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही कोंबडी घालते ते अंडं फिकट बदामी असतं. काळं अंडं कुणी विकत असेल तर ते रंगवलेलं समजा.

काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्याचा, आणि कवचात मेलॅनिन उतरत नाही. कवचाचा तपकिरी रंग वेगळ्या द्रव्याचा, प्रोटोपॉर्फिरिनचा; तो वरच्या थरात बसतो, म्हणून फोडलेलं कवच आतून पांढरटच दिसतं. (काही जातींचं निळं अंडं मात्र आतूनही निळं.)

पैदाशीत खरी गफलत इथेच होते. काळाभोर कोंबडा निवडला की अंड्याचा रंग सुधारेल असं धरलं जातं. कोंबडा अंडी घालत नाही. त्याची आई आणि बहिणी कसली अंडी घालतात ते पाहायचं. तलंगांच्या (नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्यांच्या) पायात नंबराची कडी घाला आणि सुरुवातीच्या महिन्यातल्या अंड्यांचीच तुलना करा, कारण पुढे तपकिरी रंग फिका पडत जातो.

संकरात कातडीचाही घोळ होतो. कडकनाथ कोंबडा पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीवर सोडला तर मादी पिलं काळपट, नर उजळ निघतात. उलट जोडी लावली तर दोन्ही उजळ. लेगहॉर्नमधलं काळेपणा रोखणारं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, आणि मादीला ते फक्त बापाकडून मिळतं.