त्याच वर्गात दुसरे वर्ष

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या मुलाला आठवीत पुन्हा बसावे लागले, तेव्हा घरच्यांनी नवी पुस्तके घेतली नाहीत. गणिताच्या जुन्या पुस्तकात समासात पेन्सिलीने लिहिलेली उत्तरे तशीच होती, आणि त्यांतली बरीचशी चुकीची होती.

‘एक वर्ष मागे राहिला तर पाया पक्का होईल’ हे वाक्य गोव्यात पालकांच्या तोंडी सहज येते. ते खरे की खोटे हे तपासणे वाटते तितके सोपे नाही. नापास मुले पुढेही मागे पडलेली दिसतात, पण ती वर्ग पुन्हा केल्यामुळे मागे पडली की आधीपासूनच मागे होती, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. म्हणून संशोधक किमान गुणांच्या रेषेला अगदी लागून असलेली मुले निवडतात. एका-दोन गुणांनी सुटलेला आणि तितक्याच गुणांनी अडकलेला, या दोघांच्या कुवतीत फारसा फरक नसतो. त्यामुळे पुढे त्यांच्यात जो फरक पडतो, तो बहुतांशी त्या जादा वर्षाचा मानता येतो.

शिकागोत १९९६ पासून परीक्षेच्या गुणांवर मुलांना मागे ठेवू लागले. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांची माहिती याच रीतीने तपासली, तेव्हा सहावीत मागे राहिल्याने शाळा सोडण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, पण आठवीत मागे राहिलेल्यांची गळती वाढली. उरुग्वेतील माध्यमिक शाळांतही मागे राहिलेली मुले चार-पाच वर्षांनंतर कमी शिकलेली आढळली. फ्लोरिडात मात्र तिसरीत थांबवलेल्या मुलांचे गुण सुरुवातीला चांगलेच वाढले. हा लाभ पुढे विरत गेला, तरी नुकसानही झाले नाही. तिथे त्या वर्षात रोज वाचनाचा जादा तास आणि उन्हाळी वर्ग होते, हे माझ्या मते विसरून चालणार नाही.

वयाचा मुद्दा इथे येतो. आठ वर्षांचा मुलगा नव्या सोबत्यांत रुळतो. चौदा-पंधराव्या वर्षी सोबती पुढे गेलेले असतात आणि कामाला लागण्याची वाटही समोर दिसत असते. अमेरिकेतील एका पाहणीत सहावीच्या मुलांनी वर्ग पुन्हा करणे हा सर्वांत ताणाचा प्रसंग ठरवला होता.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्याआधी जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घेण्याची तरतूद त्यात आहे. खरे औषध हीच शिकवणी आहे, पण चर्चा नेहमी ‘नापास करायचे की नाही’ इथेच अडते.

शेजारचा मुलगा दुसऱ्या वर्षी पास झाला. नववीची पुस्तके कोरी आली. अपूर्णांकांची बेरीज मात्र संध्याकाळी आम्ही अजून त्या जुन्या पुस्तकातूनच करतो, आधी समासातले उत्तर खोडून.