भाडेकरार की लिव्ह-लायसन्स? दुरुस्तीसाठी घरमालक दारात आला की नेमका फरक काय पडतो

भाड्यानं राहणाऱ्या बऱ्याच जणांना आपला कागद नेमका कसला आहे हेच माहीत नसतं. सगळेच त्याला 'ऍग्रीमेंट' म्हणतात, मग ते सांगलीच्या गावभागात आजोबांपासून चालत आलेलं वाड्यातलं भाडं असो नाहीतर विश्रामबागला अकरा महिन्यांचं केलेलं लिव्ह अँड लायसन्स. एरवी त्यानं काही अडत नाही, पण बाथरूम गळायला लागलं आणि मालक न सांगता प्लंबर घेऊन आला, किंवा आपण कामावर असताना दुसऱ्या किल्लीनं आत जाऊन आला, की मग प्रश्न पडतो. आणि तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "तुमचं लिव्ह-लायसन्स आहे, तुम्ही भाडेकरू नाही, मालक केव्हाही येऊ शकतो." यातला पहिला भाग बरोबर आहे आणि शेवटचा साफ चूक, आणि ही चूक इतकी पसरलीय की बिचारी माणसं गप्प बसतात, म्हणून हे लिहितेय.

भाडेकरारात मालकी घरमालकाची राहते पण ठरलेल्या काळापुरता ताबा तुमचा होतो, त्या जागेत तुमचा कायदेशीर हक्क तयार होतो. लिव्ह-लायसन्समध्ये असा हक्क तयार होत नाही, मिळते ती फक्त वापरायची परवानगी, आणि 'कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील' असं वाक्य बहुतेक ऍग्रीमेंटमध्ये असतंच. पहिल्याचा पाया १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, दुसऱ्याचा त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये, आणि वर आपल्या राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, तो ज्या भागांना लागू आहे तिथं दोघांनाही बघावा लागतो.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन्हींत खरंच मोठा फरक आहे. भाडेकरार असेल तर १९९९ च्या कायद्याचं कलम १४ म्हणतं की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. तो टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूनं कमीत कमी पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, तरी काम झालं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, फक्त एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्याच्या वर जायचं नाही. म्हणजे महिना ८,००० भाडं असेल तर वर्षाचे ९६,००० आणि वळते करता येतात जास्तीत जास्त २४,०००. नोटीस न देता नुसतं भाडं कमी पाठवलं तर उलट तुम्हीच थकबाकीदार ठरता, हे लक्षात ठेवा.

लिव्ह-लायसन्सवाल्यानं मात्र हे कलम १४ आपलं समजून चालू नये, ते भाडेकरूसाठी लिहिलेलं आहे. त्याला सुविधाधिकार कायद्यात थोडा आधार मिळतो, तिथं जागेतला धोकादायक दोष माहीत असेल तर मालकानं तो सांगायला पाहिजे आणि जागा असुरक्षित होईल असं काही करू नये एवढं आहे, पण गळका नळ, फुगलेला दरवाजा, पंख्याचा आवाज हे कुणी करायचं ते ऍग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असेल तेच. म्हणून सही करायच्या आधी दुरुस्तीचं कलम वाचाच, सगळे फक्त डिपॉझिट आणि तारखा बघतात.

मोठं काम निघालं तरी असंच. वाड्याची तुळई कुजली आणि घर रिकामं केल्याशिवाय काम होणार नाही अशी वेळ आली तर भाडेकरूच्या बाबतीत मालकाला कोर्टातून ताबा मागावा लागतो आणि काम झाल्यावर भाडेकरूला परत यायची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळं "पंधरा दिवस गावाला जाऊन या" एवढ्या तोंडी बोलण्यावर किल्ली देऊ नका. लायसन्सवाल्याला अशी परत यायची सोय नाही, आणि मुदत संपल्यावर 'आधी दुरुस्ती करा मग जातो' म्हणून बसून राहिलात तर १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणं दुप्पट दरानं भरपाई लागू शकते.

आता दाराचं. इथंच गंमत आहे की एवढे सगळे फरक असूनही या एका गोष्टीत कायदा दोघांना एकच न्याय लावतो. १९९९ च्या कायद्याचं कलम २८ मालकाला पाहणीचा हक्क देतं, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन, आणि ही सूचना कुणाला द्यायची तर भाडेकरू, लायसन्सवर राहणारा किंवा प्रत्यक्ष राहत असेल तो, असं तिघांचंही नाव तिथं आहे. म्हणजे ताबा कागदावर मालकाचा असला तरी न सांगता आत यायची मुभा त्याला मिळत नाही. बऱ्याच लिव्ह-लायसन्सच्या ऍग्रीमेंटमध्येही 'पाहणी' नावाचं कलम असतं आणि त्यात वाजवी सूचना देऊन असं लिहिलेलं असतं, ते काढून दाखवलं की निम्मे वाद तिथंच मिटतात.

वाजवी वेळ म्हणजे काय हे घड्याळावरून ठरत नाही. मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, नाईट ड्युटी करून सकाळी नऊला झोपणारी नर्स घ्या. मालकाला सकाळी अकरा ही अगदी सभ्य वेळ वाटते, तिच्यासाठी ती मध्यरात्र असते. बेल वाजते, ती उठायच्या आत दुसरी किल्ली कुलपात फिरते आणि प्लंबर पाईपपाना घेऊन हॉलमध्ये, दोरीवर तिचे कपडे, बिछाना तसाच. काका वाईट मनानं आलेले नसतात, खाली त्यांच्या छतातून पाणी टिपकत असतं हेही खरं. पण एका मेसेजनं हे टळलं असतं. आणि हे मला मनापासून म्हणायचंय की भाडं भरून राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीत निर्धास्त झोपता आलंच पाहिजे, यात उपकाराचा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या बाजूनं, "मी नाही येऊ देणार" असं म्हणायचाही हक्क कुठल्याच कागदात नाही. वेळ बदलून मागता येते, दार कायमचं बंद ठेवता येत नाही. भाडेकरारात तर मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की वाजवी वेळी मालकाला पाहणी करू द्यायची, आणि बिघाड तुमच्यामुळं झाला असेल तर सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत तुम्हीच नीट करून द्यायचा.

आपल्याकडं मालक बहुतेक खाली किंवा शेजारीच राहतो, त्यामुळं भांडायला नको वाटतं, शिवाय अकरा महिन्यांनी रिन्यू करणार नाहीत ही भीती असतेच. म्हणून भाषा साधी ठेवा: "काका, बाथरूमच्या पाईपमधून खाली पाणी येतंय ते समजलं. माझी नाईट आहे त्यामुळं दुपारी चारनंतर कधीही माणूस पाठवा, मी घरी आहे. मी नसताना कृपया दार उघडू नका, काही इमर्जन्सी असेल तर आधी फोन करा." एवढंच. वेळही दिली, नकारही दिला नाही, आणि लेखी राहिलं.

इमर्जन्सी मात्र खरी असावी. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरात शिरलं तेव्हा भाडेकरू बाहेर अडकलेले असताना मालकानं आत जाऊन मेन स्विच बंद केला तर त्याला कुणी नावं ठेवणार नाही. पण पाणी ओसरून महिना झाल्यावर भिंती वाळल्या का बघायला येणं ही साधी पाहणी झाली, तिला सूचना लागते. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यातही हाच विचार आहे, दुरुस्ती किंवा पाहणीसाठी यायचं तर २४ तास आधी लेखी किंवा मोबाईलवर कळवायचं, आग-पूर अशा वेळी सूट. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण त्यातली २४ तासांची अट तुमच्या ऍग्रीमेंटमध्ये घालायला कुणाची ना नाही आणि ती दोन्ही प्रकारच्या कागदात चालते.

सांगूनही कुणी वारंवार घुसत असेल तर पोलिसांकडं जाताना हा फरक परत आडवा येतो. भारतीय न्याय संहितेत अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेबद्दल आहे आणि त्यात धमकावणं, अपमान करणं, त्रास देणं असा काहीतरी हेतू दाखवावा लागतो, त्यामुळं भाडेकरूचं म्हणणं सरळ असतं आणि लायसन्सवाल्याला 'ताबा कुणाचा' यावर वाद ऐकावा लागतो. मात्र चोरून बघणं, बाईचं खासगी चित्रीकरण करणं, छुपा कॅमेरा, यात कागद कुठला हा प्रश्नच येत नाही, तो गुन्हाच आहे, लगेच तक्रार करा.

आणि कागद रजिस्टर झालाय का ते बघा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह-लायसन्स असो की भाडं, लेखी आणि नोंदणी केलेला करार करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. ते केलेलं नसेल आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, त्यामुळं किल्ली कुणाकडं, सूचना किती आधी, माणूस आला की कोण हजर असणार, हे जे तोंडी ठरलं असेल ते त्याच दिवशी मालकाला मेसेज करून ठेवा आणि तो चॅट डिलीट करू नका.