साधं टाकू का प्रीमियम?

मे महिन्यातली दुपार. गाडीत पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान, एसी सुरू, आणि बीड सोडून आपण मांजरसुंब्याचा घाट चढतोय. चौथ्या गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. पंपावर विचारतात ना, ‘दादा, साधं टाकू का प्रीमियम?’ त्या प्रश्नाचं मूळ या आवाजात आहे.

सिलिंडरमध्ये पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण दहा पट दाबतो. दाबलं की ते तापतं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसंच. मग प्लग ठिणगी टाकतो आणि आग एका बाजूने पसरत जाते. ऊस गेल्यावर फडात पेटलेलं पाचट आठवा (पाचट कुजवलेलंच रानाला चांगलं, पण तो जाळ आपण सगळ्यांनी पाहिलाय). एका बांधाला लावलेला जाळ हळूहळू पुढे सरकतो. समजा, तो पोचायच्या आधीच पलीकडच्या बांधाजवळचं पाचट नुसत्या धगीने भडकलं. सिलिंडरमध्ये नॉकिंग होतं ते असं. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण एकदम पेट घेतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. हे रोजचंच झालं तर पिस्टनला इजा होते.

असं आपोआप न पेटता दाब आणि उष्णता सोसायची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टी दोन द्रवांवर बेतलेली आहे: आयसोऑक्टेनला 100 गुण, हेप्टेनला शून्य. 91 ऑक्टेनचं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात 91 टक्के आयसोऑक्टेन आणि 9 टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच टिकतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

म्हणजे ऑक्टेन जास्त असलं की पेट्रोलमध्ये ‘दम’ जास्त, ही समजूत चुकीची आहे. पुरावा आपल्याच शिवारात पिकतो. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथले कारखाने इथेनॉल बनवतात. त्याचं ऑक्टेन 108 च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी! सोसायची ताकद वेगळी, उष्णता वेगळी. गाडीला 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं का, हाही ऑक्टेनपेक्षा निराळा प्रश्न आहे. तो रबरी नळ्यांचा, सीलचा आणि इंजिनच्या जुळणीचा.

मग टाकायचं कोणतं? गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं ते. तिथं 91 असेल आणि इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल, तर 95 किंवा 100 साठी जादा पैसे मोजून पिकअप किंवा अ‍ॅव्हरेज वाढेल अशी आशा धरू नका. त्या इंजिनची ठिणगीची वेळ 91 धरूनच बसवलेली असते. त्या पैशात टायरची हवा तपासा, एअर फिल्टर बदला. फरक तिथं दिसेल.

उलट बाजूही खरी आहे. काही टर्बो इंजिनांना 95 लागतं. अशा गाडीत 91 टाकलं तर सहसा इंजिन लगेच बिघडत नाही, कारण ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ती थरथर ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. पण त्यात ताकद जाते आणि पेट्रोलही जास्त लागतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा पहारेकरी नाही, तिथं कानच उघडे ठेवावे लागतात.

आणि योग्य पेट्रोल टाकूनही घाटात खुळखुळाट आला, तर आधी गिअर खाली टाका. तिसऱ्यात इंजिन फिरतं जास्त, प्रत्येक धक्क्यावरचा भार कमी होतो आणि मिश्रणाला तापून भडकायला वेळच मिळत नाही. आवाज बहुधा तिथल्या तिथे थांबतो. तरीही थांबला नाही, तर साचलेला कार्बन, चुकीचा प्लग किंवा कमी झालेलं कूलंट याकडे बघायला मेकॅनिकला सांगा.