शिल्लक लष्करी साहित्य आणि स्थानिक पोलिसांवरील लोकदेखरेख

सैन्याला नको असलेली शस्त्रे, वाहने आणि इतर सामग्री स्थानिक पोलिसांनी घ्यावी की नाही, घेतली तर कधी वापरावी आणि त्या वापराचा हिशेब कोणापुढे मांडावा, हे ठरवण्यात नागरिकांचा आणि त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींचा असलेला सहभाग. हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथे सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. त्यांतल्या बहुसंख्य शहर किंवा काउंटीच्या असतात आणि स्थानिक करांवर चालतात. महाराष्ट्रात पोलीस दल राज्याच्या गृहखात्याखाली येते. पोलिसांच्या शस्त्रखरेदीबद्दल महापालिकेला कोणी विचारत नाही. अमेरिकेत शहर पोलिसांचे अंदाजपत्रक नगर परिषद मंजूर करते. त्यामुळे पोलीस ठाण्याच्या आवारात कोणते वाहन उभे राहावे, हा तिथे नगरसेवकांच्या अधिकारातला विषय आहे.

तो त्यांच्या हातून निसटला, कारण साहित्य फुकट मिळू लागले. १९९०-९१ या वर्षांच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यातील कलम १२०८ ने अमली पदार्थांविरुद्धच्या कारवाईसाठी शिल्लक लष्करी साहित्य देण्याची तात्पुरती मुभा दिली. १९९६ मध्ये संमत झालेल्या पुढच्या कायद्यातील कलम १०३३ ने ती कायमची केली आणि सर्वच पोलीस कामांसाठी खुली केली. अमली पदार्थ आणि दहशतवाद यांविरुद्धच्या कामांना प्राधान्य राहिले. योजना त्या कलमाच्या क्रमांकानेच ओळखली जाते. तिचा कारभार संरक्षण खात्याचे एक कार्यालय मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथून पाहते आणि प्रत्येक राज्यात गव्हर्नरने नेमलेला समन्वयक असतो. आजवर सात अब्ज डॉलरहून अधिक मूळ किमतीचे साहित्य या मार्गाने गेले आहे. नगांच्या हिशेबाने त्यातला मोठा भाग फर्निचर, जनित्रे, कपडे, प्रथमोपचाराच्या पेट्या असा साधाच आहे. वाद आहे तो रायफली, चिलखती वाहने, रात्रीच्या दुर्बिणी अशा ‘नियंत्रित’ साहित्याबद्दल. त्याची मालकी संरक्षण खात्याकडेच राहते, ते विकता येत नाही आणि मागितले की परत द्यावे लागते.

सुरुंगरोधक चिलखती वाहनाचे उदाहरण घेतले की अडचण कळते. इराकमध्ये रस्त्याच्या कडेला पेरलेल्या बॉम्बांपासून सैनिकांना वाचवण्यासाठी बनवलेल्या या अवजड वाहनाची मूळ किंमत सुमारे सात लाख डॉलर. पोलिसांना भरावा लागतो फक्त वाहतुकीचा खर्च. खरेदीच नसल्याने अंदाजपत्रकात ओळ नाही, ओळ नसल्याने सभेत चर्चा नाही. टायर, दुरुस्ती, चालकांचे प्रशिक्षण यांची बिले मागाहून येतात, तेव्हा वाहन दारात उभे असते. शिवाय मिळालेले साहित्य वर्षभरात वापरात आणावे, असाही योजनेचा नियम आहे. साठेबाजी होऊ नये हा त्यामागचा हेतू. पण हाती आलेल्या वस्तूला काम शोधण्याची सक्तीही त्यातूनच होते. म्हणून देखरेखीचा खरा क्षण वापरानंतरचा नसून मागणीआधीचा आहे.

पोलिसांची बाजू हलकी नाही. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात चिलखत घातलेल्या दोन बँक दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुले निकामी ठरली. त्यानंतर शहराच्या पोलिसांना लष्कराकडून शेकडो एम-१६ रायफली मिळाल्या. २०१७ च्या हार्वे चक्रीवादळात टेक्सासमध्ये लष्करी बनावटीच्या उंच वाहनांतून पुरात अडकलेली माणसे बाहेर काढली गेली. अशा गरजा खऱ्या असतात, आणि खरी गरज भर सभेत सांगता येते.

हा विषय देशभर पोहोचला तो ऑगस्ट २०१४ मध्ये. मिझुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि निदर्शकांसमोर चिलखती वाहने व रोखलेल्या रायफली उभ्या राहिल्या. त्या दृश्यांतले बरेचसे साहित्य १०३३ योजनेतले नव्हतेच. गृहसुरक्षा खात्याच्या अनुदानातून किंवा स्वतःच्या पैशातूनही पोलीस अशी वाहने घेतात. केवळ एका योजनेवर नजर ठेवली तर बाकीची दारे उघडीच राहतात, हा धडा पुढच्या कायद्यांना उपयोगी पडला.

अध्यक्षांचे आदेश मात्र सरकारे बदलतील तसे बदलत गेले. जानेवारी २०१५ मध्ये ओबामांनी आढावा घेण्यास सांगितले. त्यातून पट्ट्यांवर चालणारी चिलखती वाहने, ग्रेनेड लाँचर, संगिनी यांवर बंदी आली आणि इतर नियंत्रित साहित्यासाठी स्थानिक लोकप्रतिनिधींची संमती आवश्यक झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ते रद्द केले. मे २०२२ मध्ये बायडेन यांनी पुन्हा निर्बंध घातले, ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये असे साहित्य पोलिसांना अधिक प्रमाणात देण्याचा आदेश निघाला. या ये-जा करणाऱ्या आदेशांपेक्षा टिकाऊ ठरला तो काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा. २०२१ च्या संरक्षण कायद्याने संगिनी, ग्रेनेड (आवाज-प्रकाशाचे वगळून), शस्त्रसज्ज ड्रोन आणि पट्ट्यांवरची शस्त्रसज्ज लढाऊ वाहने देण्यास मनाई केली.

केंद्रीय तपासणी किती ढिली होती, हे २०१७ मध्ये उघड झाले. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस ही काँग्रेसची लेखापरीक्षण संस्था. तिचे काम आपल्याकडच्या कॅगसारखे. तिच्या तपासनिसांनी अस्तित्वातच नसलेली एक पोलीस यंत्रणा कागदावर उभी केली, अर्ज केला आणि सुमारे १२ लाख डॉलर किमतीच्या शंभराहून अधिक नियंत्रित वस्तू मिळवल्या. त्यांत रात्रीच्या दुर्बिणी, नकली रायफली आणि नकली पाइपबॉम्ब होते. मागणारा खरा पोलीस आहे का, एवढेसुद्धा नीट पाहिले गेले नव्हते. गावातल्या नगर परिषदेपुढे असला अर्ज पहिल्याच बैठकीत उघडा पडला असता.

स्थानिक पातळीवर काम अधिक पक्के झाले. कॅलिफोर्नियातील डेव्हिस या विद्यापीठाच्या गावात २०१४ मध्ये आलेले सुरुंगरोधक वाहन नगर परिषदेने परत पाठवायला सांगितले. लॉस एंजेलिसच्या शाळांसाठी असलेल्या स्वतंत्र पोलीस दलाकडे तीन ग्रेनेड लाँचर, एक सुरुंगरोधक वाहन आणि ६१ एम-१६ रायफली होत्या. पालक आणि विद्यार्थ्यांच्या आक्षेपांनंतर लाँचर व वाहन २०१४ मध्ये सोडून देण्यात आले. रायफली पुढे परत गेल्या. न्यू जर्सीने २०१५ मध्ये अशा मागणीला स्थानिक सभागृहाची मंजुरी सक्तीची केली. त्याच वर्षी मोंटाना राज्याने काही साहित्यावर बंदी घातली आणि मागणी केल्यापासून १४ दिवसांत लोकांना जाहीर सूचना देणे बंधनकारक केले.

सर्वांत सविस्तर चौकट कॅलिफोर्नियाच्या ‘एबी ४८१’ या कायद्याची आहे. आमदार डेव्हिड चिऊ यांनी मांडलेला हा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. साहित्य फुकट आले, अनुदानातून आले की विकत घेतले, याला त्यात महत्त्व नाही; ड्रोन, चिलखती वाहने, अश्रुधूर, लांबवर आवाज फेकणारी यंत्रे अशी यादीच दिलेली आहे. प्रत्येक वस्तूची संख्या, क्षमता, आयुष्य, खर्च, वापराचे नियम, प्रशिक्षण आणि तक्रारीची पद्धत लिहून ते धोरण सुनावणीच्या ३० दिवस आधी संकेतस्थळावर ठेवावे लागते. दुसरा वाजवी पर्याय नाही आणि लोकांचे नागरी हक्क सुरक्षित राहतील, अशी खात्री पटली तरच सभागृहाने उपविधी करून मंजुरी द्यायची. पुढे दरवर्षी अहवाल आणि फेरविचार होतो.

या कायद्याचा कस लागला सॅन फ्रान्सिस्कोत. धोरणाच्या मसुद्यात एका सभासदाने रोबोट माणसांवर बळासाठी वापरू नयेत असे वाक्य घातले. पोलिसांनी ते खोडून, जीव जाण्याचा धोका समोर असेल आणि तो बळाच्या इतर कोणत्याही पर्यायापेक्षा भारी ठरत असेल तर प्राणघातक वापराची मुभा लिहिली. जुलै २०१६ मध्ये डॅलस पोलिसांनी रोबोटवर स्फोटके लावून एका हल्लेखोराला ठार केले होते, त्यामुळे ही कल्पना हवेतली नव्हती. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी सभागृहाने ८ विरुद्ध ३ मतांनी ती मान्य केली. लोक रस्त्यावर आले आणि आठवड्यातच, ६ डिसेंबरला, निर्णय फिरवला गेला. कायदा नसता तर ते खोडलेले वाक्य कोणाच्या नजरेस पडले नसते.

लष्करी साहित्याने गुन्हे घटतात का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. २०१७ मधील काही अभ्यासांना घट दिसली. २०२० मध्ये त्या आकडेवारीची फेरतपासणी झाली तेव्हा मूळ नोंदींतच चुका आढळल्या आणि परिणाम टिकला नाही. नोंदी नीट नसतील तर फायदा सिद्ध होत नाही आणि तोटाही.

कॅलिफोर्नियात वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांच्या आत पोलिसांना सोयीच्या ठिकाणी, नीट जाहिरात करून सभा भरवावी लागते. ती सर्वसामान्य जनतेसाठी खुली असते; मतदार किंवा नागरिक असण्याची अट कायद्यात नाही. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या शहरांत राहणारी, अजून व्हिसावर असलेली मराठी कुटुंबेही तिथे जाऊन आपल्या ठाण्यातल्या ड्रोनबद्दल प्रश्न विचारू शकतात.