पेन्सिलीआधीचे चिंचोके

जून उजाडला की आमच्या मालवणात हा प्रश्न हमखास कानावर येतो : "चार वर्षांचा झाला, अजून 'अ' काढता येत नाही?" आई बिचारी ओशाळते. खरं तर ओशाळण्याचं काही कारण नाही. याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, बोर्डीत, १९४५ साली या प्रश्नाचा विचार मुळापासून सुरू झाला होता.

त्याची मुळं मात्र लांबची आहेत. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी बालगृह उघडलं. त्यांचे लाकडी दट्टे पाहा. वर छोटी मूठ, ती धरायची अंगठा आणि दोन बोटांनी. पेन्सिल धरतात तीच बोटं! मूल समजतं, आपण दट्टा भोकात बसवतोय. तिकडे बोटं तयार होतात, आणि जाड-बारीक, उंच-बुटकं हेही डोक्यात बसतं. याच वाटेनं गुजरातचे शिक्षक गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, बालशिक्षणाच्या ध्यासानं ताराबाई मोडक तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

अडचण होती पैशांची. ती साधनं महाग, म्हणून बालमंदिरं शहरातल्या खात्यापित्या घरांची. बोर्डीला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. तरी मुलं येईनात. पाठची भावंडं सांभाळायची कोणी? मग बाईच पाड्यावर जाऊ लागल्या, अंगणात बसू लागल्या. नखं काढ, अंघोळ घाल, मग खेळ आणि गाणी. 'अंगणवाडी' हा शब्द या अंगणातला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

आता त्या 'अ'बद्दल. पोराचा हात खांद्याकडून बोटांकडे तयार होत जातो. आधी धावणं, चढणं, फेकणं. बोटांचं बारीक काम मागाहून. मनगटात आठ हाडं, पण चौथ्या वर्षी त्यातली काही अजून कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचिकच असतात. खळ्यात बसून करवंटीत एकेक चिंचोका टाकणारं पोर म्हणूनच रिकामटेकडं नसतं. धावण्या-चढण्याचा डोक्याशीही संबंध आहे : तोल सांभाळणारा लहान मेंदू व बेत आखणारा मेंदूचा पुढचा भाग जोडीनं काम करतात, हे अभ्यासकांनी अलीकडे दाखवलं आहे.

डोकंही आपल्या गतीनं चालतं. भाचीपुढे मी सहा-सहा शिंपल्यांच्या दोन ओळी मांडल्या. सारखे आहेत, म्हणाली. एक ओळ पसरवली, तर लगेच, "मामा, हे जास्ती!" मोजून दाखवले, तरी जास्तीच. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अशाच चाचण्यांतून दाखवलं होतं, की साधारण सातव्या वर्षापर्यंत डोळ्यांना दिसेल तेच मुलाला खरं वाटतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण नावाबरोबर आधी पोहोचला तो खाऊ आणि वजनकाटा, खेळ मागे पडला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आणि खेळाला पुन्हा जागा दिली, निदान कागदावर. आमच्या वाडीत पालकांच्या हट्टापायी चार वर्षांच्या पोरांना गिरवायच्या वह्या आल्यात. चिंचोक्यांची करवंटी फळीवर आहे, पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर.